एक तुझा मज पाद पुरे

पाळकीणबाईंच्या जिभेला हाड नव्हतं. देवानं दिलं असेल तर ते माहेरीच राहिलं असावं, गॅरेजमध्ये, कुठल्या तरी नटबोल्टांच्या डब्यात.

माहेर ट्रक दुरुस्त करणाऱ्यांचं. बाप मिस्त्री, काका मिस्त्री, मामा मिस्त्री. बोल्ट ढिला निघाला तर एक शिवी, घट्ट बसला तर दोन. तिथं चावट विनोद म्हणजे ग्रीस. सगळ्यांच्या हाताला लागलेलं, आणि त्याच्यावाचून काही फिरायचं नाही. अशा घरात स्थळ आलं.

“मुलगा करतो काय?” बापानं विचारलं.

“पाद्री आहे.”

बापानं हातातला पाना खाली ठेवला. “पोरी,” तो म्हणाला, “नावातच वास आहे गं!”

सगळं गॅरेज हसलं. पोरगीही हसली, आणि पहिल्याच भेटीत तिनं ते जसंच्या तसं मुलाला सांगून टाकलं. मुलगा लगेच हसला नाही. म्हणाला, “माझे वडीलही पाद्रीच होते. शाळेत मला नावानं कुणी हाक मारलीच नाही. वर्गात कुठं जरा आवाज झाला की सगळ्या माना माझ्याकडं.” मग थोडं थांबून, कानाच्या पाळ्या लाल करत म्हणाला, “बहुतेक वेळा मास्तर असायचे.”

त्या एका वाक्यावर बाई भाळल्या. लग्न झालं. घरात पाद्री हा शब्द बंद झाला, पाळक हा शब्द सुरू झाला. नवऱ्याच्या जुन्या जखमेवर बाईंनी स्वतःहून घातलेली ती पहिली फुंकर.

बाकी जिभेचं काही जमलं नाही. चर्चमधल्या बायका शनिवारी फुलदाण्या भरायला, पितळेच्या समया घासायला जमायच्या आणि बाईंच्या तोंडातून एकेक फुलबाजी सुटायची. बायका आधी “इश्श” म्हणायच्या, मग “अगं बाई” म्हणायच्या, मग “मग पुढं काय झालं?” म्हणायच्या. समया लखलखीत निघायच्या. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

एकदा बिघडलं.

चर्चच्या पंचांमध्ये एक दातांचे डॉक्टर होते. पन्नाशीला टेकलेले, लग्न न झालेले, म्हाताऱ्या आईबरोबर राहणारे. शर्टाला कडक इस्त्री, आणि भाषेला त्याहून कडक. दवाखान्यात गेलं की ‘बसा’ नाही, ‘स्थानापन्न व्हा’. ‘आ करा’ सुद्धा नाही, ‘मुख उघडावे’. भले गृहस्थ. गरिबाचा दात काढला तर पैसे मागायचे विसरायचे. पण विनोदाला भलेपणा दिसत नाही, त्याला फक्त उघडी जागा दिसते. एका शनिवारी समई घासता घासता बाई बोलून गेल्या, “गावभर सगळ्यांना ‘आ’ करायला लावतात, पण बिचाऱ्यांना ‘हो’ कुणी म्हणत नाही!”

त्याला एक शेपूटही होतं, ते इथं सांगण्यासारखं नाही. समई तेवढी लख्ख निघाली.

विनोदाला पाय फुटले. तो फुलदाण्यांमधून निघाला, घराघरांत जेवला, आणि हिंडत हिंडत डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन स्थानापन्न झाला. त्यानंतर उपासना संपली की डॉक्टर चहाला थांबेनात. आईचा हात धरायचे आणि बाजूच्या दारानं निघून जायचे. म्हातारीला चहा हवा असायचा. ती मागं वळून किटलीकडं बघत जायची.

कुणी बाईंना काही म्हटलं नाही. एका संध्याकाळी जेवताना पाळकच सहज म्हणाले, “डॉक्टर विचारत होते, नदीपलीकडच्या चर्चमध्ये उपासना किती वाजता असते.”

बाईंचा घास तोंडातच फिरला. “सोडून चाललेत?”

“अजून नाही. एक पाय आत आहे.”

“आणि बाहेरचा मी काढलाय.”

पाळकांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला. त्यांना बाजू घेता यायची, पण खोटं बोलता यायचं नाही.

“चावट बोलणं पापच का हो?” बाईंनी विचारलं. “शरीर देवानंच केलं ना? वाऱ्यासकट?”

“बायबलात प्रेषितानं आपल्या पत्रात टवाळी नको असं लिहिलंय खरं. आभार माना म्हणतो, त्यापेक्षा.” पाळक ताटातली शितं गोळा करत राहिले. “मला विचारशील तर मी एवढंच बघतो, की विनोद झाल्यावर कोण उघडं पडलं. सगळेच पडले तर चालायचं. एकटा पडला तर नाही.”

त्या रात्री बाईंनी देवाला सांगितलं, “माझ्या तोंडाला कडी लाव. बाहेरून लाव. आतून लावलीस तर मी काढीन.”

आणि खरंच लावली. शनिवारच्या समया काळवंडायला लागल्या.

अशात चर्चचा वाढदिवस जवळ आला. डॉक्टरांनी पंचांना कळवलं की त्यांनी स्वतः एक गीत रचलं आहे आणि ते त्या दिवशी सर्वांनी मिळून गावं. पाळकांना केवढा आनंद झाला! बाहेरचा पाय आत येत होता. बाईंनी तर गाण्याचे कागद स्वतः नेऊन गायकवर्गात वाटले; त्याही त्यातच गायच्या. प्रभूच्या पायांवर सुगंधी तेल ओतणारी आणि केसांनी ते पुसणारी बाई, आणि सुवासानं भरून गेलेलं घर, असा विषय होता. विषयात काही खोट नव्हती. सरावाच्या दिवशी डॉक्टर उभे राहिले, घसा साफ केला, आणि चाल लावून म्हणू लागले:

“ओतुनि सुगंधी तेल, लीन मी,
तव पादांचा गंध सुटे;
मंदिर भरले, अंगण भरले,
आनंदाचा बांध फुटे!”

पियानो वाजवणाऱ्या शिक्षिकेचं बोट घसरलं. मग ध्रुवपद आलं:

“नको धन मला, नको मानही,
एक तुझा मज पाद पुरे!”

गायकवर्गातल्या झाडून सगळ्यांनी कागद तोंडासमोर धरले. कुणाला खोकला आला, कुणाच्या बुटाची नाडी सुटली. जाड आवाजाचा एक सुतार भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, आणि त्याची पाठ हलत होती. सगळ्यांना कळलं होतं आणि कुणालाच कळलेलं नव्हतं. कारण लहानपणापासून सगळ्यांना एक कायदा पाठ असतो: पहिला वास ज्याला आला, त्यानंच सोडला. जो बोलेल त्याचं मन घाण.

डॉक्टर मात्र डोळे मिटून गात होते. त्यांच्या पोथीतल्या जगात पाद म्हणजे पाय, पाय म्हणजे चरण, आणि चरण म्हणजे सगळं. तोंडात इतकी वर्षं बघूनही लोकांच्या तोंडात काय असतं हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं.

आणि बाई? बाईंच्या पोटात गॅरेज चालू झालं होतं. सगळे पाने खणखणत होते. बापाला फोन करावा, काकाला सांगावं, भिंतीला सांगावं! त्यांनी गालाची आतली बाजू दातात धरली. कडी बाहेरून होती म्हणून बरं.

घरी येऊन त्यांनी कागद नवऱ्यापुढं ठेवला. पाळकांनी वाचला. पुन्हा वाचला. कान लाल झाले.

“जुन्या कवितेत आहे हा शब्द,” ते म्हणाले.

“कविता जुनी असेल, बाकावरची पोरं नवी आहेत. अहो, तुम्ही सांगा ना त्यांना.”

“मी?” पाळकांनी कागद उलटा केला, जणू तो सुलटा बघवत नव्हता. “अगं, मी पाद्र्याचा मुलगा. हा शब्द काढला तर... मी हसेन गं. त्यांच्या तोंडावर हसेन. मग नदी ओलांडूनच जातील ते.”

“आणि नाही सांगितलं तर सगळं चर्च हसेल.”

“हो.”

“मग सांगायचं कुणी?”

पाळकांनी बायकोकडं बघितलं. संसारात असं बघणं वर्षातून एकदाच होतं, आणि ते नकोसं असतं.

“मी तर कडी लावून घेतलीय,” बाई म्हणाल्या.

“कडी वाईटासाठी होती ना?”

खरं सांगायचं तर बाईंना मोह झाला. काही करायचं नाही, काही बोलायचं नाही. रविवारी नुसतं पुढच्या रांगेत उभं राहून बघायचं. असला तमाशा फुकट, आणि पाप नावावर नाही! पण डोळ्यांसमोर किटलीकडं वळून बघत जाणारी म्हातारी आली. आता गेली ती तर कायमचीच जाईल. पहिला धक्का आपण दिलाय, दुसरा आपल्या गप्प बसण्यानं बसेल.

दुसऱ्या दिवशी बाई दवाखान्यात गेल्या. सरळ जायला निमित्त नव्हतं म्हणून दाढेचं केलं. निमित्त खरं निघालं.

“स्थानापन्न व्हा,” डॉक्टर म्हणाले. “मुख उघडावे. अरेरे! कीड आहे.”

“डॉक्टर, मला एक सांगायचं—”

“मुख उघडेच ठेवावे.”

तोंडात आरसा आला, बधिर करायची सुई आली, कापूस आला, नळी आली. मग ते यंत्र आलं, डासाच्या आवाजाचं. बाई “आं, आं” करत राहिल्या आणि डॉक्टर “झालंच, झालंच” म्हणत राहिले. आणि दाढ कोरता कोरता त्यांची तंद्री लागली. हळूच, अगदी प्रेमानं, ते गुणगुणू लागले: “एऽक तुझा मऽज...”

बाईंनी खुर्चीचे दोन्ही दांडे आवळले. हसावं तर दाढ जाते, न हसावं तर जीव जातो. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“दुखतंय?” डॉक्टरांनी कळवळून विचारलं.

बाईंनी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, त्यांनाही कळलं नाही.

दाढ तात्पुरती बुजवून झाली, चूळ भरून झाली. आता तोंड रिकामं होतं. बाईंनी पदर सारखा केला, आणि जन्मात पहिल्यांदा एक घाण शब्द उच्चारताना त्यांची जीभ जड झाली.

“डॉक्टर, तुमच्या गाण्यात तो शब्द आहे ना. पाद. त्याचा दुसरा अर्थ होतो. लोकांच्या तोंडी तोच एक अर्थ आहे. पोटातला वारा. पोरं हसतील. तिथं ‘चरण’ घाला, मात्रा तेवढ्याच आहेत, चालीत चपखल बसतं. मी म्हणून बघितलंय.”

डॉक्टरांनी हातमोजे काढले. एकेक बोट सोडवत, सावकाश. चेहऱ्यावरची तंद्री उतरून तिथं नुसता थकवा आला.

“आधी माझ्यावर,” ते म्हणाले, “आता माझ्या गाण्यावर.” आणि पहिल्यांदाच त्यांची भाषा साधी झाली होती. “प्रभूच्या पायांवरचं गाणं आहे हो ते, पाळकीणबाई. तेवढं तरी सोडायचं होतं.”

“देवाशपथ, ही चेष्टा नाही—”

“‘हो’ कुणी म्हणत नाही. तुमचंच ना ते?”

बाईंना वाटलं, खुर्ची अजून खाली जाते आहे. “माझंच,” त्या म्हणाल्या. “माझंच होतं. चुकलं माझं. ते वाईट होतं, आणि शेपूट तर फारच वाईट होतं.”

“शेपूटही ऐकलं मी.” डॉक्टर पाठ फिरवून हत्यारं धुवायला लागले. “त्या बाजूनं काही चावू नका. मंगळवारी पक्की भरायला या. यायचं असेल तर.”

बाई बाहेर आल्या. रस्त्यावर ऊन होतं आणि अर्धा ओठ बधिर होता. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट त्यांना आठवली. आज खरा लांडगा दाखवला, आणि कुणी बघितलं नाही.

वाढदिवसाचा रविवार उजाडला. चर्च फुलांनी भरलं, माणसांनी भरलं. पहिल्या बाकावर डॉक्टरांची आई बसली होती, नवी साडी, कानात नवं यंत्र. तिला बोटभर ऐकू यायचं, ते यंत्र लावल्यापासून हातभर ऐकू येत होतं, पण आपण किती मोठ्यानं बोलतो हे काही तिला कळत नव्हतं. मुलं डावीकडच्या बाकांवर.

डॉक्टर पुढं उभे राहिले. शब्द बदललेला नव्हता. पहिलं कडवं कसंबसं पार पडलं. गायकवर्गानं ‘पादांचा’ असा काही पुटपुटला की तो ‘बदामाचा’ही असू शकला असता. सुताराचा जाड आवाज तिथं नेमका बुडाला. पाळक छताकडं बघत होते, तिथं काही लिहिलेलं असावं तसं.

पण ध्रुवपदाची शेवटची ओळ डॉक्टरांनी एकट्यानं म्हणायची ठरलेली होती. पियानो थांबला. फुलांच्या पाकळ्या पडल्या तरी ऐकू येतील अशी शांतता झाली. डॉक्टरांनी डोळे मिटले, हात जोडले, आणि गळ्यात सगळा जीव आणून म्हणाले:

“एऽक तुझा मज पाऽद पुरे!”

सूर विरला. आणि त्या शांततेत पहिल्या बाकावरून म्हातारीचा खणखणीत आवाज आला:

“काय? कुणी सोडला रे?”

डॉक्टरांचे डोळे उघडले. त्यांनी आईकडं बघितलं, मग मुलांच्या बाकाकडं बघितलं. बाक थरथरत होता. एका पोरीनं फ्रॉक तोंडात कोंबला होता. मग त्यांनी गायकवर्गाकडं बघितलं, आणि भिंतीकडं वळलेली सुताराची पाठ त्यांना दिसली. बाईंनी त्यांच्या चेहऱ्यावर ते येताना पाहिलं: कळणं. दवाखान्यात जे खरं सांगितलं होतं ते खरं होतं, हे कळणं. गोरामोरा झालेला तो भला माणूस, हातात कागद, अंगावर इस्त्री, आणि सगळ्या चर्चमध्ये एकटा उघडा. अजून कुणी हसलं नव्हतं. हसू गळ्यापर्यंत आलं होतं, धरणाच्या दाराशी पाणी यावं तसं. क्षणभरात फुटलं असतं, आणि ते त्यांच्यासकट त्यांच्या आईला नदीपलीकडं घेऊन गेलं असतं.

बाहेरून लावलेली कडी तेवढ्यात कुणी काढली कोण जाणे.

“मी हो, आजी!” बाई गायकवर्गातून एक पाऊल पुढं आल्या. “मीच. माफ करा. सकाळी कोबी जरा जास्त झाला.”

आणि बांध फुटला. मुलं बाकावरून खाली पडली. समया घासणाऱ्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सुतार भिंतीला टेकून खाली बसला. हसण्याचा सगळा लोंढा वळला आणि बाईंच्या अंगावरून गेला. त्या उभ्या राहिल्या, मान ताठ, कान लाल, पाळकांची बायको, पाद्र्याची सून, कोबी खाल्लेली. सगळ्यांच्या वरताण म्हातारीचा आवाज होता:

“होतं गं बाळा! लाजू नको. दाबून ठेवू नये, पोटात कळ येते!”

पाळकांनी व्यासपीठाच्या दोन्ही कडा धरल्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. लहानपणी आवाज झाला की साऱ्या माना त्यांच्याकडं वळायच्या. आज पहिल्यांदा कुणीतरी मध्ये उभं राहिलं होतं. त्यांनी डोळे पुसले, ते हसूनच ओले झाले असतील.

हसू ओसरायला वेळ लागला. डॉक्टर तसेच उभे होते. ते बाईंकडं बघत होते, दाढेत अचानक काही दिसावं तसं. मग त्यांनी शिक्षिकेला खूण केली. पियानो सुरू झाला. दुसरं कडवं झालं, ध्रुवपद आलं, शेवटची ओळ आली. चर्चनं श्वास रोखला. म्हातारीनं कानातलं यंत्र नीट केलं.

“एऽक तुझा मज,” डॉक्टर म्हणाले, आणि किंचित थांबले, “चऽरण पुरे.”

मात्रा तेवढ्याच होत्या. चपखल बसलं.

त्या दिवशी पाळकांच्या उपदेशाचा विषय जीभ हा होता, महिनाभर आधी ठरलेला. ते नुसतं “आज आपण जिभेविषयी” एवढं म्हणाले आणि पुन्हा सगळे हसले. मग त्यांनी कागद मिटला आणि थोडक्यात आटोपतं घेतलं.

उपासनेनंतर एका पंचांच्या बायकोनं बाईंना बाजूला घेऊन सांगितलं की असलं काही पाळकांच्या घरातल्या बाईनं चारचौघांत बोलणं शोभत नाही, आणि देवाच्या घरात तर नाहीच. बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. तिचं पुरतं चूक आहे असंही त्यांना वाटेना. मान वर केली तर बाजूचं दार बंदच होतं. किटलीपाशी खुर्चीवर म्हातारी बसली होती, बशीतून फुर्र फुर्र चहा ओढत, कितव्या कपाचा ते देवाला ठाऊक.

डॉक्टर दोन कप घेऊन आले. एक बाईंच्या हातात दिला.

“दाढ कशी आहे?”

“बरी आहे.”

“खोटं बोललात तुम्ही,” डॉक्टर म्हणाले. “देवाच्या घरात. मीच ते लिहिलं होतं, तुम्ही स्वतःवर घेतलंत.”

“कोबी खरंच खाल्ला होता हो.”

डॉक्टरांच्या ओठाची एक बाजू हलली. या माणसाचे स्वतःचे दात कसे आहेत हे आजवर कुणी बघितलं नव्हतं. चांगले होते.

“मंगळवारी दाढ पक्की भरायची आहे,” ते म्हणाले. “याल?”

“हो.”

“हुश्श!” डॉक्टरांनी चहाचा घोट घेतला. “म्हटलं बुवा कुणीतरी!”

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा आत काहीच नव्हतं. त्या तशाच उभ्या राहिल्या, आ करून.

“थोडं अजून,” डॉक्टर म्हणाले.